कवच सिग्नलवर विश्वास ठेवतं

रेल्वेचा मोठा अपघात झाला की दुसऱ्या दिवशी एक प्रश्न हमखास येतो: त्या मार्गावर ‘कवच’, म्हणजे गाडी आपोआप थांबवणारी यंत्रणा, होती का? टीव्हीवर विचारतात, संसदेत विचारतात, आपण घरी चहा पिताना विचारतो. प्रश्न रास्त आहे, पण अर्धा आहे. कवच असतं तर त्या अपघातात त्याला काही करता आलं असतं का, हा उरलेला अर्धा. त्याचं उत्तर कधी ठाम ‘हो’ येतं, कधी ‘बहुधा’, आणि कधी चक्क ‘नाही’. हे कशावर ठरतं ते समजायला आधी गाडी थांबते कशी आणि दोन गाड्यांमधलं अंतर राखलं जातं कसं, तिथून सुरुवात करावी लागेल.

पोलादी चाक पोलादी रुळावर फिरतं तेव्हा घर्षण फारच कमी असतं. हजारो टनांची मालगाडी एक-दोन इंजिनं ओढून नेऊ शकतात ती याच जोरावर. मात्र ब्रेक लावल्यावर पकडही त्याच गुळगुळीत पोलादावर घ्यायची असते. ताशी १३० किलोमीटर वेगाने धावणारी एक्सप्रेस सेकंदाला ३६ मीटर पुढे जाते. इमर्जन्सी ब्रेक पूर्ण लागला तरी ती थांबेपर्यंत साधारण एक किलोमीटर मागे पडतो. रात्री हेडलाइटच्या झोतात लोको पायलटला रूळ दिसतो काही शे मीटर. म्हणजे समोर काही दिसलं म्हणून ब्रेक लावला, तर तो बहुतेक वेळा उशिराच लागणार. रस्त्यावर मोटार चालवणारा बघून थांबतो. लोको पायलटला कुणीतरी आधी सांगावं लागतं, तेव्हाच तो वेळेत थांबतो. हे सांगणं म्हणजे सिग्नल. म्हणूनच स्टेशनात शिरण्याआधीच्या होम सिग्नलच्या एक किलोमीटर अलीकडे डिस्टंट सिग्नल असतो, आणि वेगवान मार्गांवर त्याच्याही एक किलोमीटर अलीकडे आणखी एक. दोन किलोमीटर आधीपासून गाडीला कल्पना दिली जाते.

सुरुवातीच्या काळात दोन गाड्यांमधलं अंतर घड्याळावर राखत. एक गाडी सुटली की ठराविक मिनिटांनी दुसरी सोडायची. पुढची गाडी वाटेत बंद पडली तर काय, याला त्या पद्धतीत उत्तर नव्हतं. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमध्ये आर्मा इथे चढावर अडकलेल्या सहलीच्या गाडीचे डबे सुटून मागे घरंगळले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. ८० माणसं गेली, त्यात मुलं बरीच होती. ब्रिटिश संसदेने त्याच वर्षी कायदा करून तीन गोष्टी सक्तीच्या केल्या: ब्लॉक पद्धत, इंटरलॉकिंग आणि गाडीभर एकत्र लागणारे ब्रेक. आजही जगभरातल्या रेल्वे सुरक्षेचा पाया हाच आहे.

यातली ब्लॉक पद्धत ऐकायला सोपी आहे. मार्गाचे तुकडे करायचे आणि एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी सोडायची. खरा कस लागतो तो तुकडा रिकामा आहे हे कळायला. एकेरी मार्गावर यासाठी पूर्वी टोकन होतं, आणि मला ती यंत्रणा अजूनही फार सुंदर वाटते. दोन स्टेशनांत एकेक यंत्र, त्यात लोखंडी गोळे, आणि दोन्ही यंत्रं तारेने जोडलेली. एका यंत्रातून एक गोळा बाहेर निघाला की तो पुढच्या स्टेशनात पोचून तिथल्या यंत्रात पडेपर्यंत दोन्हींपैकी कुठल्याच यंत्रातून दुसरा निघत नाही. गोळा ड्रायव्हरच्या हातात असेल तरच त्याने पुढे जायचं. ना संगणक, ना रेडिओ, पण समोरासमोर टक्कर होण्याची वाट जवळपास बंद.

शेवटच्या डब्यामागे लावलेली ‘एलव्ही’ची, म्हणजे ‘लास्ट व्हेइकल’ची, पाटी याच विचारातून आली. गाडी स्टेशनातून गेली, पण सगळी गेली की मागचे दोन डबे वाटेत सुटले, हे स्टेशन मास्तरला ती पाटी पाहून कळतं. पाटी दिसली नाही तर मागचा तुकडा रिकामा मानायचा नाही.

माणसाने पाहून खात्री करायची, तर कधी तरी ती पाहायची राहून जाते. २० ऑगस्ट १९९५ च्या पहाटे फिरोजाबादजवळ कालिंदी एक्सप्रेस एका नीलगायीला धडकली, तिच्या ब्रेकमध्ये बिघाड झाला आणि ती रुळावर उभी राहिली. ती पुढे गेली आहे असं धरून मागून पुरुषोत्तम एक्सप्रेसला वाट दिली गेली. साडेतीनशेच्या आसपास माणसं मेली. रूळ रिकामा आहे की नाही हे तिथे रुळाने स्वतः सांगायला हवं होतं.

रूळ स्वतः सांगू शकतो, आणि ही युक्ती १८७२ ची आहे. अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन यांनी तिचं पेटंट घेतलं. नाव ट्रॅक सर्किट. दोन रुळांतून थोडा विद्युतप्रवाह सोडतात आणि दुसऱ्या टोकाला तो एक रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, उचलून धरतो. रिले उचललेला असेल तर रूळ रिकामा. गाडी आली की तिची पोलादी चाकं आणि आस दोन रूळ आपसांत जोडतात, प्रवाह मधूनच परततो, रिले खाली पडतो आणि सिग्नल लाल होतो. यातली खरी हुशारी दुसरीकडे आहे. तार तुटली, बॅटरी उतरली, रूळच मोडला, तरी रिले खालीच पडणार आणि सिग्नल लालच होणार. बिघाड झाला की यंत्रणा आपोआप सुरक्षित बाजूला कलते. याला फेल-सेफ म्हणतात. सिग्नलचा दिवाच विझला असेल तर लोको पायलटने तो सर्वांत कडक आदेश देतोय असं समजायचं, हा नियमही त्याच घराण्यातला. हल्ली बऱ्याच ठिकाणी ॲक्सल काउंटर असतात. तुकड्यात किती आस शिरले आणि किती बाहेर पडले ते मोजायचं, आकडा जुळला तर रूळ रिकामा.

इंटरलॉकिंग हा दुसरा पाया. स्टेशनात गाडी कुठल्या लाइनवर जाणार हे सांधा ठरवतो, म्हणजे रुळांची ती हलणारी जीभ. सांधा मेन लाइनकडे वळून कुलूपबंद झाल्याशिवाय मेन लाइनचा हिरवा सिग्नल लागूच नये, आणि सिग्नल हिरवा असताना सांधा हलूच नये, ही हमी इंटरलॉकिंग देतं. पूर्वी हे काम केबिनमधले लोखंडी दांडे एकमेकांत अडकवून होत असे. मग रिले आले, आता संगणक आहेत. तर्क मात्र तोच राहिला. हा परिच्छेद लक्षात ठेवा, पुढे तो लागणार आहे.

एवढं सगळं नीट चालत असताना एक कच्चा दुवा उरतो: लाल सिग्नल असूनही गाडी पुढे जाणं. रेल्वेत याला ‘स्पॅड’ म्हणतात. कारणं साधी माणसांची असतात. रात्रपाळीची डुलकी, धुकं, शेजारच्या लाइनचा सिग्नल आपला समजणं, किंवा लक्ष दुसरीकडे असणं. अमेरिकेत २००८ च्या सप्टेंबरमध्ये चॅट्सवर्थ इथे लोकल चालवणारा मोबाइलवर मेसेज करत होता. त्याने लाल सिग्नल ओलांडला आणि समोरून आलेल्या मालगाडीवर आदळून २५ जण गेले. त्या घटनेनंतर तिथे गाडी आपोआप थांबवणारी यंत्रणा कायद्याने सक्तीची झाली. आपल्याकडे लोको पायलट आणि सहायक लोको पायलट प्रत्येक सिग्नल एकमेकांना मोठ्याने उच्चारून सांगतात, तो याच डुलकीवरचा उपाय. उपयोग होतो. पण कामाच्या शेवटच्या तासाला दोघंही थकलेले असतात.

म्हणून सिग्नल माणसाच्या डोळ्यांबरोबरच यंत्रालाही ‘दिसला’ पाहिजे. जपानने १९६४ मध्ये शिंकान्सेन सुरू केली तेव्हा खांबावरचे सिग्नल त्या वेगात वाचणंच कठीण होतं. त्यांनी सिग्नल थेट ड्रायव्हरच्या समोर आणला आणि वेग यंत्राच्या ताब्यात दिला. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर ड्रायव्हरला सिग्नलबाबत सावध करणारी ऑक्झिलरी वॉर्निंग सिस्टिम नावाची साधी यंत्रणा कित्येक वर्षं आहे. कवचची चर्चा करताना तिची आठवण कुणालाच होत नाही.

आपल्याकडचा सगळ्यात धाडसी प्रयत्न कोकण रेल्वेतून आला. तिचे व्यवस्थापकीय संचालक बी. राजाराम यांनी ‘रक्षाकवच’ नावाचं टक्करविरोधी उपकरण पुढे आणलं. कल्पना अशी की प्रत्येक इंजिनावर जीपीएस आणि रेडिओ बसवायचा; दोन गाड्या धोकादायकरीत्या जवळ येत आहेत असं दिसलं की उपकरणं आपसांत बोलून ब्रेक लावतील. सिग्नलची मदत लागणारच नाही. ईशान्य सीमांत रेल्वेवर ते मोठ्या प्रमाणात बसवलंही गेलं. अडचण जीपीएसची होती. शेजारच्या दोन लाइनींत जेमतेम पाच मीटर अंतर असतं, आणि साध्या जीपीएसची चूक तेवढी सहज होते. समोरून येणारी गाडी आपल्याच रुळावर आहे की शेजारच्या, हेच खात्रीने कळेना. स्टेशनात तर सहा-सहा लाइनी शेजारीशेजारी. विनाकारण ब्रेक लागू लागले, आणि जी यंत्रणा उगाच गाड्या थांबवते तिच्यावर चालवणाऱ्यांचा भरवसा राहत नाही. माझ्या मते राजारामांची दिशा चूक नव्हती. प्रश्न योग्य होता, उत्तराला लागणारी अचूकता तेव्हा हाताशी नव्हती.

आजचं कवच नेमकं तिथेच वेगळं आहे. लखनौच्या आरडीएसओने, म्हणजे रेल्वेच्याच संशोधन संस्थेने, भारतीय कंपन्यांना बरोबर घेऊन ते विकसित केलं, प्रवासी गाड्यांवरच्या चाचण्या २०१६ मध्ये सुरू झाल्या आणि २०२० मध्ये ते देशाची अधिकृत यंत्रणा ठरलं. त्याने ‘मी कुठे आहे’ हा प्रश्न आकाशाऐवजी जमिनीला विचारला. दोन रुळांच्या मधे स्लीपरवर आरएफआयडी टॅग बसवलेले असतात. त्यांना बॅटरी नाही, वायर नाही. इंजिनाच्या पोटाखालचा रीडर वरून जाताना रेडिओलहर सोडतो, तिच्याच ऊर्जेवर टॅग जागा होतो आणि आपलं ठिकाण व लाइनचा क्रमांक सांगून टाकतो. शेजारची लाइन असेल तर क्रमांक वेगळा. दोन टॅगांच्या मधल्या अंतरात चाकाच्या फेऱ्या मोजून हिशोब चालतो. चाकं घसरली तर त्या हिशोबात थोडी चूक साचते, ती पुढचा टॅग दुरुस्त करतो.

दुसरा भाग स्टेशनात. तिथलं कवच इंटरलॉकिंगला जोडलेलं असतं. कुठला सिग्नल कुठल्या रंगात आहे, सांधा कुठे वळलाय, कुठली लाइन भरलेली आहे, ही माहिती ते तिथून उचलतं. मग टॉवरवरच्या रेडिओने गाडीला कळवतं: तुला अमुक मीटरपर्यंत पुढे जायची परवानगी आहे. ही परवानगी सतत ताजी होत राहते.

तिसरा भाग इंजिनातला संगणक, आणि बुद्धीचं काम त्याचं. परवानगी जिथे संपते तिथून मागे मोजत तो एक वक्ररेषा काढतो: आत्ता या बिंदूवर जास्तीत जास्त किती वेग असला तर गाडी वेळेत थांबेल. लोको पायलट त्या रेषेच्या खाली आहे तोवर संगणक गप्प. तो वर जायला लागला की आधी इशारा, मग हलका ब्रेक, तरीही वेग उतरला नाही तर जोरदार. म्हणजे कवच लाल सिग्नल ओलांडल्यावर जागं होतं असं नाही. लाल सिग्नलाच्या कितीतरी आधीच ते हिशोब मांडून बसलेलं असतं. ४ मार्च २०२२ रोजी दक्षिण मध्य रेल्वेवर गुल्लागुडा आणि चिटगिड्डा या स्टेशनांदरम्यान समोरासमोर इंजिनं आणून चाचणी घेतली, तेव्हा खुद्द रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव इंजिनात होते. पुढच्या इंजिनापासून ३८० मीटर अलीकडे गाडी आपोआप थांबली.

धुक्यात याचा उपयोग फार मोठा आहे, कारण पुढचा सिग्नल इंजिनातल्या पडद्यावरच दिसतो. फाटक आलं की कवच शिट्टीही स्वतः वाजवतं, आणि आणीबाणीत एका बटणाने आसपासच्या गाड्यांना थांबायला सांगता येतं. सुरक्षिततेचं त्याला मिळालेलं मानांकन एसआयएल-४, म्हणजे सगळ्यात वरचं. त्याचा अर्थ असा की तासाभरात घातक बिघाड होण्याची शक्यता दहा कोटींत एकाहून कमी हवी. एका यंत्राच्या दृष्टीने हे सलग अकरा हजार वर्षांहून अधिक काळ चालणं झालं.

आता पुन्हा सुरुवातीचा प्रश्न.

२९ ऑक्टोबर २०२३ ला आंध्रात विजयनगरमजवळ रायगडा पॅसेंजर पुढच्या पलासा पॅसेंजरवर मागून आदळली. मागच्या गाडीने बिघडलेले ऑटोमॅटिक सिग्नल (पुढचा रूळ रिकामा आहे की नाही यावर आपोआप रंग बदलणारे) नियम मोडून ओलांडले, असं प्राथमिक चौकशीत म्हटलं गेलं. असा सिग्नल लागला तर थांबायचं, मग अगदी सावकाश पुढे जायचं, असा नियम आहे. नियम पाळला जातो की नाही हे बघत बसणं कवचला उत्तम जमतं. उत्तर ‘हो’.

१७ जून २०२४ ला न्यू जलपाईगुडीजवळ रंगापानी इथे कांचनजंगा एक्सप्रेसला मालगाडीने मागून धडक दिली, दहा जण गेले. पहाटेपासून सिग्नल यंत्रणा बिघडलेली होती आणि गाड्यांना टी/ए ९१२ नावाचा कागद देऊन लाल सिग्नल ओलांडायची परवानगी दिली जात होती. त्या कागदावर गाडी किती वेगाने न्यायची, याबद्दल चालवणाऱ्यांची समजूत सारखी नव्हती, हे रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत पुढे आलं. (हे आयुक्त रेल्वेच्या नव्हे, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतात, म्हणजे रेल्वेची चौकशी रेल्वेने करू नये. फार कमी लोकांना माहीत असलेली ही सोय मला आवडते.) सिग्नल बिघडलेला असताना कवच गाडीला सावकाश, नजरेच्या टप्प्यात चालवण्याच्या मर्यादेत बांधून ठेवतं. मागची गाडी त्या वेगात गेलीच नसती. उत्तर ‘बहुधा’, कारण बिघाडाच्या दिवशी कुठला भाग चालू होता यावर बरंच अवलंबून.

आणि मग २ जून २०२३, ओडिशातलं बहानगा बाजार. कोरोमंडल एक्सप्रेस ताशी १२८ किलोमीटरच्या आसपास वेगाने आली. तिला मेन लाइनचा हिरवा सिग्नल होता. सांधा मात्र लूप लाइनकडे, म्हणजे गाडी बाजूला उभी करायच्या शेजारच्या लाइनकडे, वळलेला होता, आणि लूपवर लोहखनिजाने भरलेली मालगाडी उभी होती. २९० हून अधिक बळी गेले. लोको पायलटची चूक नव्हती. त्याने हिरवा सिग्नल पाहिला आणि गाडी नेली. चूक सिग्नलच्या वायरिंगमध्ये होती. आधी कधीतरी केलेला सर्किटचा बदल आणि त्या दिवशी फाटकाच्या बॅरियरसाठी चाललेलं काम, यांतून इंटरलॉकिंगची हमीच मोडली होती. सांधा एकीकडे, आणि यंत्रणेला माहीत असलेला सांधा दुसरीकडे.

तिथे कवच असतं तर? त्याने स्टेशनातल्या इंटरलॉकिंगला विचारलं असतं, ‘वाट मोकळी आहे ना?’, आणि उत्तर आलं असतं, ‘मेन लाइन, हिरवा.’ कवचने ते मान्य केलं असतं, कारण त्याची माहिती तिथूनच येते. गाडी लूपवर शिरल्यावर टॅगने वेगळा लाइन क्रमांक सांगितला असता आणि ब्रेक लागलाही असता, पण त्या वेगाला लागणारा किलोमीटरभर रूळ पुढे नव्हताच. कवच लोको पायलटवर संशय घेण्यासाठी बनलंय. सिग्नलवर संशय घेणं त्याच्या कामात नाही, आणि तसं बनवताही येणार नाही. कशावर तरी विश्वास ठेवल्याशिवाय ते परवानगी कुठून आणणार? रूळ मोडून गाडी घसरली तर त्यावरही कवचकडे इलाज नाही, आणि भारतातल्या गंभीर अपघातांत घसरण्याचं प्रमाण टकरींपेक्षा बरंच जास्त आहे.

याचा अर्थ कवच नको असा काढणारे भेटतात. तो आळशी निष्कर्ष आहे. लाल सिग्नल ओलांडणं हा खरा आणि नेहमीचा धोका आहे, आणि कवच तो जवळपास मिटवतं. सरकारने २०२४ मध्ये दिलेल्या माहितीनुसार रुळाकडच्या साहित्याला किलोमीटरमागे सुमारे ५० लाख आणि एका इंजिनाला सुमारे ८० लाख रुपये लागतात. जाळं ६८ हजार किलोमीटरहून मोठं. दक्षिण मध्य रेल्वेवर १,४६५ किलोमीटर आधी झाले, जुलै २०२४ मध्ये सुधारित ४.० आवृत्तीला मंजुरी मिळाली आणि जुलै २०२५ मध्ये दिल्ली–मुंबई मार्गावर मथुरा–कोटा हा ३२४ किलोमीटरचा टप्पा सुरू झाला. टॉवर, केबल, टॅग, प्रत्येक स्टेशनचं इंटरलॉकिंग जोडणं आणि प्रत्येक इंजिन काही दिवस कामातून काढणं. वेळ लागणार हे उघड आहे.

पण सिग्नलच्या बाजूचं काम त्याहून जुनं आणि कमी दिमाखाचं आहे. बहानगाच्या आधी, मे २०२२ मध्ये, त्याच खडगपूर विभागात बांकडा नयाबाज इथे चुकीच्या वायरिंगमुळे गाडीला दाखवलेली वाट एक आणि गाडी गेलेली वाट दुसरी, असा प्रकार झाला होता. तेव्हाच धडा घेतला असता तर बहानगा टळलं असतं, असं आयुक्तांच्या अहवालात आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये कर्नाटकात होसदुर्ग रोड स्टेशनात संपर्क क्रांती एक्सप्रेसला असाच सिग्नल मिळाला, सांधा चुकीच्या लाइनकडे वळलेला होता. तिथे लोको पायलटने स्वतःच्या डोळ्यांनी सांधा पाहिला आणि गाडी थांबवली. ज्याच्यावर नजर ठेवायला कवच आणलं, त्यानेच तिथे सिग्नलची चूक पकडली.

बहानगानंतर रेल्वेने रिले रूमला दुहेरी कुलूप असण्यावर जोर दिला: एक किल्ली स्टेशन मास्तरकडे, दुसरी सिग्नल कर्मचाऱ्याकडे, म्हणजे दुसऱ्याला कळल्याशिवाय आत कुणी वायर सोडवू शकत नाही. काम सुरू करण्याआधी सिग्नलचा तेवढा भाग बंद असल्याचं लेखी कळवायचं, संपल्यावर चाचणी करून परत जोडल्याचं लेखी द्यायचं. चाचणी म्हणजे पॅनेलवर सांधा सरळ दिसत असताना एकाने प्रत्यक्ष सांध्यापाशी उभं राहून तो सरळ आहे का ते बघणं, मग उलटा करून पुन्हा बघणं. याला वेळ लागतो, आणि गर्दीच्या मार्गावर तेवढा वेळ गाड्या थांबवायला वाहतूक विभाग सहसा राजी नसतो. मुंबईत यासाठी रविवारचा मेगाब्लॉक ठरलेला आहे. त्याला कितीही शिव्या बसोत, सिग्नलच्या तारांना हात लावायचा आणि लावल्यावर नीट तपासायचा वेळ आठवड्यात तेवढाच मिळतो.